घाईचे गुरुजी

वर्गात प्रश्न विचारून झाला की गुरुजी दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि उजव्या हाताने स्वतःचंच डावं मनगट गच्च धरायचे. पोलिसाने चोर धरावा तसं. समोरून पाहणाऱ्याला वाटे, किती शांत माणूस आहे! मी शेजारच्या वर्गात शिकवता शिकवता, मधल्या उघड्या दारातून, त्यांना मागून पाहायची. मागून वेगळंच दिसायचं. धरलेल्या हाताची बोटं सारखी वळवळत असायची, सुटायला धडपडायची, आणि उजवा हात काही त्यांना सोडायचा नाही. गुरुजी कसे होते हे ज्याला बघायचं असेल त्याने त्यांना मागूनच बघायला हवं होतं.

कारण हा माणूस मुळात भयंकर घाईचा. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, जो चहा निवायची वाट पाहत नाही आणि मग जीभ पोळली म्हणून चहा करणाऱ्यालाच बोलतो. गुरुजी शाळेतली खिचडी वाफाळती तोंडात टाकायचे आणि मग तोंड उघडं ठेवून वारा घेत बसायचे. फळ्यावर वाक्य अर्धंच लिहायचे, उरलेलं तोंडाने सांगायचे. मी नगरहून एसटीने फाट्यावर उतरायची. तिथून शाळेपर्यंत त्यांच्या मोटारसायकलवर. "बाई, धरून बसा, आज उशीर झालाय," हे वाक्य रोजचं. उशीर कधीच झालेला नसायचा. मागे बसून मी डोळे मिटायची आणि नाव घ्यायची ते देवाचं, आणि कधी कधी विमा एजंटचं.

आमची शाळा पारनेर तालुक्यातली, वस्तीवरची. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. चौथी झाली की पोरं मोठ्या गावातल्या हायस्कूलला जायची, आणि मुस्कान नावाची मुलगी तिथे जाणार की घरी बसणार, हाच गुरुजींच्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांचा घोर होता.

मुस्कान तिसरीत आमच्याकडे आली. तिचे वडील शेखभाई शेळ्यांचा व्यापार करायचे, टेम्पो भरून घोडेगावच्या बाजाराला न्यायचे. नेवाशाकडची माणसं, नुकतीच वस्तीवर राहायला आली होती. मुस्कानचा एक पाय आखडलेला, हात थरथरणारे. जन्मताना प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. डोक्यात सगळं लख्ख होतं, पण बोलायला गेली की शब्द घशात अडायचा. मान वाकडी व्हायची, ओठ हलायचे, आणि बऱ्याच वेळाने शब्द बाहेर यायचा. आला की मात्र अख्खा यायचा.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजी माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"बाई, हे मला जमायचं न्हाई. मला माझं सोताचं वाक्य सरंपर्यंत दम निघत न्हाई, आन हिचं कसं ऐकू?"

मी म्हटलं, "गुरुजी, तालुक्याहून विशेष शिक्षिका येणार आहेत महिन्यातून एकदा. त्या सांगतील."

"महिन्यातून एकदा त्या. बाकीचे दिवस मीच की!" असं म्हणून ते गेले. बोलणं रास्त होतं.

मग तो विंचवाचा दिवस आला. वस्तीवर ही गोष्ट अजून सांगतात. प्रत्येक जण विंचू थोडा मोठा करतो. मी तुम्हाला होता तेवढाच सांगते.

गुरुजी खुर्चीवर बसून, चपला काढून, पाढे म्हणून घेत होते. मुस्कान उठून उभी राहिली. बाकाला धरून, मान वाकडी करून म्हणाली, "गु... गुरुजी... वि..."

"विसाचा न्हाई गं, चौदाचा चाललाय," गुरुजी म्हणाले. "बरं बरं, शाब्बास. बस."

ती बसली नाही. "वि... वि..."

आता पोरांना खेळच मिळाला. "विमान!" "विहीर!" "विळी!" कोणी तरी "विठ्ठल!" म्हणालं. गुरुजींनाही राहवेना, ते म्हणाले, "विचारायचंय काय तुला?" तिने जोरात मान हलवली, नाही म्हणून. घामाने कपाळ भिजलं होतं. पण खाली बसायला तयार नव्हती. शेवटी पोरांचे शब्द संपले. वर्ग गप झाला. आणि त्या शांततेत तिचा शब्द आला:

"विंचू. तुमच्या... चपलेत."

गुरुजींचा एक पाय चपलेच्या वर अधांतरी होता. तो तसाच वर राहिला. मग खुर्चीसकट गुरुजी मागे गेले, पोरं बाकांवर चढली, आणि मी झाडू घेऊन धावले. मारला तो विंचू मीच. हे वस्तीवर कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवसापासून ते मनगट धरायला लागले. पोरांना त्यांनी एकच नियम घालून दिला: "दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा न्हाई, आन दुसऱ्याच्या तोंडचा शब्द बी काढून घ्यायचा न्हाई. तिचं तिला बोलू द्यायचं." पोरांना ते जमायला दोन आठवडे लागले असतील. गुरुजींना ते कधीच पुरतं जमलं नाही. तिचा शब्द अडला की ते मनगट धरायचे, टाचा वर-खाली करायचे, खिडकीबाहेर बघायचे, गिळायचे. तिचं वाक्य पुरं झालं की असा मोठा श्वास सोडायचे, जणू बोलणं त्यांनीच केलं होतं.

बाकी गोष्टी त्यांनी हळूहळू जमवल्या, काही त्या विशेष शिक्षिकेला विचारून, काही आपल्या डोक्याने. तिच्या पेन्सिलीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड केली, म्हणजे थरथरत्या हातातून निसटू नये. कागद हलू नये म्हणून बाकाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. खिचडी ताटातून सांडायची, म्हणून खोलगट वाडगा आणायला सांगितला, पण तिला एकटीला नाही. सगळ्या वर्गाला. "तिलाच वाडगा दिला तर ती वाडगेवाली व्हईल," म्हणाले. मग सगळी शाळाच वाडग्यात जेवायला लागली. घासणाऱ्या मावशी कुरकुरल्या, पण त्यांनाही ते बरं पडलं, कारण खाली शितं पडेनाशी झाली.

खेळात काय करायचं हे मात्र त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी तिला पंच केलं. दोन दिवस ती पंच झाली, तिसऱ्या दिवशी तिने शिट्टी फेकून दिली. "मला... पण... आऊट... व्हायचंय." गुरुजी डोकं खाजवत उभे राहिले. तोडगा पोरांनीच काढला: लगोरीत चेंडू ती बसून मारणार आणि पळणार तिचा गडी. मग तिचा गडी कोण होणार यावरून रोज भांडणं. स्वाती नावाची तिच्याच इयत्तेतली एक चपळ पोर होती, ती बहुतेक वेळा जिंकायची, भांडणही आणि खेळही. दोघींची मैत्री तिथली.

गुरुजींनी मुस्कानला सूट मात्र कशातच दिली नाही. गृहपाठ केला नाही की बोलणी खायची. एकदा तिने स्वातीच्या वेणीला खडूची भुकटी फासली. गुरुजींनी तिला वर्ग झाडायची शिक्षा दिली. भिंत धरून, पाय ओढत, ती अर्धा तास झाडत होती, आणि अर्धा कचरा जागच्या जागी होता. मला बघवेना. मी म्हटलं, "गुरुजी, जाऊ द्या ना."

"का जाऊ द्या? खोडी केली का न्हाई तिनं?"

संध्याकाळी शेखभाई शाळेत आले. मला वाटलं, आता भांडण होणार. भाई दारात उभे राहिले. उंचापुरा माणूस, हातात शेळ्या हाकायची काठी. म्हणाले, "गुरुजी, आज पोरगी घरी आली ती हसतच. म्हनली, अब्बा, मला शिक्षा झाली. आजपातुर कोनत्या शाळेतनं हिची तक्रार आली न्हवती. बिचारी, बिचारी, एवढंच ऐकत आलो." गुरुजींनी घाईघाईने त्यांना चहा विचारला. आमच्याकडे त्या दिवशी दूध नव्हतं, पण ते त्यांना आठवलंच नाही.

दुसऱ्याच्या शब्दासाठी थांबायच्या या नियमाचे उलटेही परिणाम झाले. पोरांना सवयच लागली. कोणीही बोलता बोलता अडलं की वर्ग हाताची घडी घालून बसायचा. पंधरा ऑगस्टला आमचे सरपंच भाषणाला उभे राहिले आणि तिसऱ्या वाक्याला विसरले. इतर शाळांत पोरं अशा वेळी टाळ्या वाजवून माणसाला मोकळं करतात. आमची पोरं टाळ्या वाजवेनात. कोणी हसेना, कोणी चुळबुळ करेना. सगळी माना वर करून, मोठ्या प्रेमाने, सरपंचांचं पुढचं वाक्य यायची वाट बघत उभी. सरपंचांना बिचाऱ्यांना पळवाटच राहिली नाही. सगळं भाषण आठवून आठवून पुरं करावं लागलं. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "बाई, तुमची पोरं लई शिस्तीची हायती, पन पुढच्या टायमाला मला बोलवू नका."

चौथीच्या वर्षी तालुक्याहून साहेब तपासणीला आले. वर्गात शिरले, समोर बसलेल्या मुस्कानकडे बोट करून म्हणाले, "सांग बरं, आपल्या तालुक्यात कोणकोणती पिकं घेतात?"

मुस्कान उठली. गुरुजींचं मनगट गेलं मागे. तिचे ओठ हलायला लागले.

साहेबांनी थोडी वाट पाहिली. मग प्रेमळ आवाजात म्हणाले, "असू दे, बाळ, बस. दुसरं कोण सांगेल?"

एकही हात वर नाही. साहेबांनी वर्गावरून नजर फिरवली. "कोणीच नाही? चौथीच्या मुलांना आपल्या तालुक्यातली पिकं माहीत नाहीत?"

वर्ग ढिम्म. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचा चेहरा लाल झाला होता, मनगट पांढरं पडलं होतं. मी दारात उभी राहून मनातल्या मनात ओरडत होते, अहो, सांगा की काहीतरी!

शेवटी स्वाती उठली. "सर, सगळ्यांना येतंय. पन आत्ता तिचं चाललंय."

साहेबांना क्षणभर कळेना. मग त्यांनी मुस्कानकडे पाहिलं. ती अजून उभीच होती. "ज्वारी," ती म्हणाली. "बाज... री. मूग. वाटाणा." साहेब "छान" म्हणायला गेले, तर तिने हात वर करून त्यांना थांबवलं, कारण कांदा राहिला होता. कांदा झाल्यावर ती बसली, आणि त्याबरोबर वर्गातले सगळे हात एकदम वर गेले. साहेब खो खो हसले. जाताना म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शाळेत यायचं तर सवड काढून यायला पाहिजे." पुढच्या दोन शाळा त्या दिवशी राहिल्याच असणार.

गुरुजी त्या दिवशी आनंदात होते, पण घोर मिटला नव्हता. ते बाजार करून आलेल्या शेखभाईंकडे संध्याकाळी जाऊन बसायचे. एक-दोनदा मीही गेले. अंगणात शेळ्या, बाजेवर आम्ही. मुस्कान काही सांगायला लागली की भाई तिचं वाक्य पुरं करून टाकायचे. तिने "पा" म्हणायच्या आत पाण्याचा तांब्या यायचा. चुकत कधीच नसत. पोरीच्या मनातलं त्यांना सगळं कळायचं.

"भाई," एकदा गुरुजी न राहवून म्हणाले, "तुमी लई माया करता. पन मायेनं बी मानसाचं तोंड बंद हुतं."

भाईंना ते लागलं. म्हणाले, "गुरुजी, चौथीपातुर बास झालं. तुमी थांबता हिच्यासाठी. तुमची पोरं थांबत्यात. तिकडं वर्ग भरून पोरं, तासाला नवीन सर. तिकडं कोन थांबंल? हसतील पोरीला. तुमी तर जूनला रिटायर व्हनार."

परतताना गुरुजींनी मोटारसायकल पहिल्यांदाच हळू चालवली. फाट्यावर मला म्हणाले, "बाई, भाई बराबर बोलतोय. माझ्या खात्रीवर पोरगी कुठवर जानार?" मला तेव्हा त्यांची फार दया आली. नोकरी संपत आलेला माणूस, पोराबाळांची लग्नं झालेली, गावाकडे ऊस उभा. त्याला एवढी काळजी कशाची, असं कोणी म्हणेल. पण ती काळजी त्यांना झोपू देत नव्हती, हे मला ठाऊक आहे, कारण ते सकाळी सकाळी मला फोन करायचे.

शेवटी त्यांनी भाईंकडून एवढंच कबूल करून घेतलं: हायस्कूलला एकदा येऊन बघा. नाही पटलं तर पोरगी घरी.

जूनमध्ये आम्ही गेलो. गुरुजी आणि मी मोटारसायकलवर, भाई आणि मुस्कान टेम्पोत. हायस्कूलचे हेडमास्तर सरळ माणूस वाटले. मुस्कानकडे बघून म्हणाले, "गुरुजी, मी नाही म्हणत नाही, कायद्यानेही म्हणता येत नाही. पण एकेका वर्गात इतकी मुलं. तिची आबाळ होईल, याची भीती वाटते." भाईंनी मान खाली घातली. त्यांच्या मनातलंच कोणीतरी बोललं होतं.

आणि गुरुजी सुटले. दोन वर्षं धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. मुस्कान किती हुशार, पाढे कसे तोंडपाठ, विंचू, साहेब, वाटाणा, सगळं एका दमात. मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली तरी पत्ता नाही.

हेडमास्तरांनी हात वर केला. "थांबा, मुलीलाच विचारू. काय बाळ, नाव काय तुझं?"

"मुस्कान!" गुरुजी म्हणाले.

"राहायला कुठे?"

"वस्तीवर, आमच्या शाळेच्या मागं! पायी यायची एकटी!"

"तुला पुढे शिकायचंय का?"

"व्हय तर! तिला..."

टेबलावर धाडकन हात आपटला. कागदावरचा पेपरवेट उडाला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हात मुस्कानचा होता.

"गु... रुजी," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. "मी... सांगते."

गुरुजींनी पटकन तोंडावर हात ठेवला. चूक केलेलं पोर ठेवतं तसा. हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. शिपाई चहा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

तिने सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, वस्ती. पुढे शिकायचंय. मग न विचारता आणखी एक गोष्ट: "मला... पहिल्या... बाकावर... नको. स्वातीजवळ."

"का गं? पहिल्या बाकावर का नको?"

"सर... लोक," ती म्हणाली, "पहिल्या बाकालाच... विचारतात."

हेडमास्तर असे हसले की चष्मा टेबलावरून पडला. "जा," म्हणाले, "स्वातीजवळ बस. पण तिथंही विचारीन." आणि मग शिपायाला म्हणाले, "आण रे तो चहा."

भाईंनी लेकीकडे पाहिलं. एवढा वेळ तिचं एक अक्षरही त्यांनी पुरं केलं नव्हतं. त्यांना सुचलंच नसावं.

बाहेर आल्यावर गुरुजी नळाखाली तोंड धुवायला गेले. पाणी तोंडावर मारत राहिले, मारत राहिले. मग रुमालाने डोळे पुसत भाईंना म्हणाले, "मला गप केलं हो पोरीनं. हेडमास्तरांच्या म्होरं! आता कशाला थांबायला पायजे कुनी? ज्याला थांबायचं न्हाई त्याला ही थांबवील." मी त्यांना एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्याच आनंदात त्यांनी गाडीला किक मारली आणि फाटकातून धुरळा उडवत निघूनही गेले, मला तिथंच विसरून. मी हाका मारल्या. तोवर ते वळणाआड गेले होते. त्याच महिन्यात ते निवृत्त होऊन श्रीगोंद्याला, आपल्या गावी गेले. माझ्या डोळ्यांसमोर ते राहिले आहेत ते त्या दिवशीचे, पाठमोरेच.

मग मी भाईंच्या टेम्पोत बसले. मागे न विकलेल्या दोन शेळ्या, पुढे भाई, मी आणि मधे मुस्कान. गाडी सुरू झाली तशी तिने सांगायला सुरुवात केली. हेडमास्तरांचा चष्मा, गुरुजींचा तोंडावरचा हात, शिपायाची चहाची किटली. आम्ही तिथंच होतो, सगळं पाहिलं होतं, पण तिला ते तिच्या पद्धतीने सांगायचं होतं. एकदा भाईंचे ओठ हलले, शब्द जिभेवर आला, आणि त्यांनी तो गिळला. टेम्पो त्यांनी दुसऱ्या गिअरवर आणला. मागून कोणी हॉर्न दिला की हाताने पुढे जायची खूण करायचे.

रस्ता तो केवढा! वस्ती आलीच. तिची गोष्ट अजून ऑफिसच्या बाहेर पडली नव्हती. भाईंनी घराच्या अलीकडे, बांधाशी टेम्पो उभा केला आणि इंजिन बंद केलं. तिची आई दारात आली होती, हाताने विचारत होती, काय झालं, घेतलं का पोरीला? भाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला तिथंच थांबायची खूण केली.